वसंतात पॅसिफिक किनाऱ्यावरून गरवताना: मासा लांब नाही, लाटेच्या पायाशी आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मूळ देवगडचे, लहानपणापासून खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, गरी टाकायची सवय, गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहायला आलात. मार्चमध्ये तीन शनिवार सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर गेलात, दुकानातून आणलेली बारा फुटी रॉड आणि गोठवलेली कोळंबी वापरलीत, जमेल तितकं लांब फेकलंत आणि शेवाळाशिवाय हाती काही लागलं नाही. आता विचारताय की आमिष कोणतं लावू, जागा कोणती बरी, आणि नऊ वर्षांच्या मुलाला सोबत नेलं तर चालेल का.

आमिषावरून अडलेलं नाही, हे आधी सांगतो. कोळंबीच्या तुकड्याला इथला मासा लागतो. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तुम्ही माशाच्या डोक्यावरून पलीकडे फेकताय. दुसरं म्हणजे पुळण (वाळूचा किनारा) सगळी सारखी आहे असं धरून जिथे गाडी लावली त्याच्या समोरच उभे राहताय. देवगडला खडप तुम्हाला जागा दाखवतं. कुठे कपार आहे, कुठे पाणी खोल आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. इथे मैलोन्‌मैल वाळू असते आणि तीही दर हिवाळ्यात जागा बदलते. त्यामुळे जागा रोज नव्याने शोधावी लागते. ती कशी शोधायची, हेच या उत्तरात सांगण्यासारखं मुख्य आहे.

त्याआधी माझी मर्यादा सांगतो. मी गेली बरीच वर्षं हाफ मून बेपासून माँटेरे बेपर्यंतच्या पट्ट्यात वसंतात गरवतो, आणि पुढचं सगळं त्या अनुभवावरून लिहितोय. सोनोमा-मेंडोसिनोकडचा खडकाळ उत्तर किनारा वेगळा आणि लॉस एंजेलिस-सॅन डिएगोचं पाणीही वेगळं. शिवाय मी आज सांगितलेला खड्डा पुढच्या महिन्यात वाळूने भरलेला असू शकतो. म्हणून ठिकाणांपेक्षा पद्धतीवर जास्त लिहितो.

पहिली गोष्ट ऋतूची. कोकणात चैत्र-वैशाखात समुद्र कोमट आणि बराचसा शांत असतो. इथे नेमकं उलट आहे. मार्च-एप्रिलपासून वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहायला लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. एप्रिल ते जून हा त्याचा भर. म्हणून मे महिन्यात ऊन असलं तरी पाणी साधारण १० ते १२ अंश सेल्सिअस असतं आणि त्या गारव्यामुळे किनाऱ्यावर धुकं बसतं. खालून आलेल्या पाण्यात खत भरपूर असतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासे. गरवणाऱ्याच्या दृष्टीने याचे दोन अर्थ होतात. किनाऱ्यालगत खाणं वाढत जातं, हा एक. आणि दुपारी वारा इतका उठतो की हलकं आमिष नीट फेकता येत नाही आणि तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, पोट पडतं, हा दुसरा. वसंतात मी जवळजवळ नेहमी सकाळीच जातो, ते यासाठी.

आता मासा कोणता, ते ठरवू. किनाऱ्यावरून, होडीशिवाय, वसंतात भरवशाचा मासा म्हणजे सर्फ पर्च, त्यातही बार्ड सर्फ पर्च. चपटा आणि उभट अंगाचा, रुपेरी, अंगावर पितळी रंगाचे उभे पट्टे आणि पट्ट्यांच्या मधे ठिपके. मोठा मिळाला तर दोन तळव्यांत मावत नाही. तो लाटांच्या फेसातच राहतो, तिथेच खातो, आणि वसंत ते उन्हाळा या दिवसांत माद्या पिल्लं द्यायला उथळ पाण्यात येतात. हो, पिल्लंच. हा मासा अंडी घालत नाही. त्यावर पुढे बोलतो, कारण पाटी भरण्याआधी ते माहीत असायला हवं.

बाकीच्यांबद्दल पटकन सांगतो. सॅमनचा विचार आत्ता बाजूला ठेवा. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं सॅमन पूर्ण बंद होता आणि २०२५ मध्ये मोजकेच दिवस उघडला. त्या त्या वर्षीचा नियम बघूनच त्याच्या मागे लागावं. स्ट्राइप्ड बास मूळचा इथला नव्हे. १८७९ मध्ये न्यू जर्सीहून आणून मार्टिनेझजवळ सोडला आणि तो रुळला. पण एप्रिल-मेमध्ये त्यातला मोठा भाग अंडी घालायला नद्यांत वर गेलेला असतो, पॅसिफिका गावाच्या किनाऱ्यावरच्या लाटांत त्याची खरी धामधूम उन्हाळ्यात. हॅलिबट वसंतात उथळ पाण्याकडे सरकतो, मिळतोही, पण किमान २२ इंच असावा लागतो आणि त्याला चिकाटी लागते. पर्च गरवताना एखादा लागला तर आनंद माना. खडपावरून रॉकफिश मिळतो, आणि होडीवाल्यांचा हंगाम बंद असतानाही किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला तो वर्षभर खुला आहे. तुमची खडपाची सवय पाहता तिकडे मन ओढेल, पण इथल्या खडपावर पहिल्या वसंतात जाऊ नका. कारण लाटांच्या भागात सांगतो.

आता पुळण कशी वाचायची ते.

वसंतात निसर्गाची इथे एक मोठी सोय आहे. कॅलिफोर्नियात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण त्यांची उंची सारखी नसते. वसंत आणि उन्हाळ्यात सर्वांत खोल ओहोटी पहाटे-सकाळी येते, हिवाळ्यात ती दुपारी येते. म्हणजे एप्रिलमध्ये उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, दिवसांत सकाळी सहा-सातला पोहोचलात तर एरवी पाण्याखाली असलेली अर्धी पुळण उघडी मिळते. त्या वेळी रॉड गाडीतच ठेवा. चालत जा आणि वाळू बघा. कुठे किनाऱ्याला समांतर लांबट खळगा आहे, कुठे वाळूचा बांध तुटून पाणी आत-बाहेर करायची वाट झाली आहे, कुठे शिंपल्यांचा आणि खड्यांचा थर साचलाय. शिंपले साचतात तिथे पाण्याने वाळू खरवडून नेलेली असते, म्हणजे तो भाग जरा खोल. फोनवर फोटो काढून ठेवा, मागे एखादा ओंडका किंवा जिना खूण म्हणून धरा. भरती चढू लागली की याच खळग्यांत पाणी शिरतं आणि त्याबरोबर पर्च शिरतो. ओहोटीच्या तळापासून पुढचे दोन-तीन तास माझ्या अनुभवात सर्वांत चांगले जातात, आणि वारा उठायच्या आत ते संपतात.

ओहोटी बघायला मिळाली नाही तर पाण्याच्या रंगावरून आणि लाटेच्या चालीवरून ओळखायचं. उंच जागी उभं राहून दहा मिनिटं बघा. लाट बाहेर बांधावर एकदा फुटते, मग फेस विरतो, पाणी पुन्हा सपाट आणि गडद होतं, आणि अगदी किनाऱ्याशी येऊन दुसऱ्यांदा फुटते. ते मधलं गडद पाणी म्हणजे खळगा. जिथे लाट किनाऱ्यापर्यंत सलग पांढरी येत राहते तिथे खाली सपाट उथळ वाळू आहे, तिथे वेळ घालवू नका. काही ठिकाणी दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधेच एक पट्टा फुटत नाही. त्यावर वाळूचं गढूळ पाणी आणि फेस बाहेरच्या दिशेने सरकताना दिसतो. तो रिप करंट, किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत समुद्रात जायची वाट. पोहणाऱ्याचा तो काळ, पण पर्चला तिथे घरपोच खाणं मिळतं. त्या वाटेच्या मधोमध फेकू नका, दोन्ही कडांना फेका. उभे मात्र कोरड्या बाजूला राहा, त्या वाटेत पाय घालू नका.

एकदा जागा ठरली की पहिला फेका जवळ. खरंच जवळ, दहा-पंधरा मीटर. पर्च बहुतेक वेळा किनाऱ्याजवळच्या पहिल्या खळग्यात असतो, कारण लाट परतताना वाळूतले जीव उकरून तिथेच आणून टाकते. बारा फुटी रॉडने ऐंशी मीटर फेकलं की आमिष पहिल्या खळग्याच्या पार पलीकडे, बांधाच्या उघड्या वाळूत जाऊन पडतं. तुमचे तीन शनिवार माझ्या अंदाजाने तिथेच गेले. फेकून झालं की तंगूस ताठ ठेवा आणि शिसं वाळूवरून हळूहळू ओढा, दोन वीत ओढलं की थांबा, पुन्हा ओढा. टक-टक असं बोटाला लागतं तेव्हा लगेच हिसका देऊ नका, तंगूस जड झालं की रॉड उचला. अगदी पायाशी येईपर्यंत ओढत राहा, शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये लागलेले मासे कमी नसतात. एका जागी दहा-बारा फेक्यांत काही लागलं नाही तर तीस पावलं पुढे सरका. पर्च थव्याने असतो. एक लागला की तिथेच थांबायचं.

सामानाबद्दल थोडक्यात. बारा फुटी रॉड ठेवून द्या. नऊ ते दहा फुटांची मध्यम रॉड, आठ-दहा पौंडांचं तंगूस. भोक असलेलं अंडाकृती शिसं, पाऊण ते एक औंसाचं, त्यामागे मणी, मणीमागे फिरकी, फिरकीला दीड-दोन फूट बारीक फ्लुरोकार्बनचा धागा, टोकाला चार किंवा सहा नंबरचा छोटा गळ. कोकणातला गोबऱ्यासाठीचा मोठा गळ पर्चच्या तोंडात मावत नाही. समुद्र जरा उसळलेला असेल तर दोन-तीन औंसांचं पिरॅमिड शिसं आणि वर दोन गळ, ही जुनी बांधणी अजूनही चालते, पण तिने पाणी धुंडाळता येत नाही, एका जागी थांबावं लागतं.

आमिषात वसंताच्या सुरुवातीला मी बर्कली गल्प या कृत्रिम आमिषाचा छोटा वाळूतल्या किड्यासारखा तुकडा वापरतो. वास चांगला सुटतो, गळावर टिकतो, आणि शिळा होण्याची काळजी नसते. दोन इंची रबरी शेपटीचे ग्रबही चालतात. पण मेच्या सुमाराला खरं आमिष तुमच्या पायाखाली येतं. पर्चचं मुख्य खाणं म्हणजे वाळूतला छोटा खेकडा, इथे त्याला सँड क्रॅब म्हणतात. आकाराने सुपारीएवढा किंवा त्याहून लहान, राखाडी, अंडाकृती, आणि नांग्या नाहीत. हिवाळ्यात तो बराचसा बाहेरच्या पाण्यात जातो, वसंत सरत आला की पुळणीवर परततो. लाट ओसरत असताना ओल्या वाळूवर नजर लावा. सपाट वाळूवर एका ठिकाणी बारीक बारीक व्ही आकाराच्या रेघा उमटलेल्या दिसतील. त्या त्यांच्या मिशा, पाण्यातलं खाणं गाळायला वर काढलेल्या. तिथे दोन्ही हातांनी वाळू उचला आणि बोटांतून गळू द्या. पोटाशी नारिंगी अंडी असलेल्या माद्या मिळतील, त्या चांगल्या. त्याहून चांगले म्हणजे नुकतेच कात टाकलेले, पाठ बोटाने दाबली तर दबते. असा एखादा मिळाला की तो आधी लावा. मागच्या बाजूने गळ आत घालायचा आणि टोक पोटाकडून किंचित बाहेर काढायचं. दिवसाला ५० खेकड्यांची मर्यादा आहे, पण सकाळभराला वीस पुरतात. आणि एक फायदा असा की जिथे खेकड्यांचे ताटवे दिसतात त्याच्या समोरच भरतीला पर्च येतो, त्यामुळे आमिष शोधता शोधता जागाही सापडते.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लांबवतोय तो भाग. लाटा.

कोकणात आपण उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) बघून निघतो. इथे त्याहून आधी बघायची गोष्ट म्हणजे लाटेचा कालावधी, दोन लाटांमधले सेकंद. हजारो मैलांवर अलास्काच्या बाजूला वादळ झालं की त्याची लाट दोन-तीन दिवसांनी इथे पोहोचते, आकाश निळं असताना, वारा नसताना. चार फुटांची लाट आठ सेकंदांची असेल तर ती वाऱ्याने उठलेली खडबडीत पण उथळ लाट. तीच चार फूट सतरा सेकंदांची असेल तर तिच्यात पाणी कितीतरी जास्त असतं आणि ती पुळणीवर फार वर चढते. अशा लाटा गटाने येतात. वीस मिनिटं सगळं शांत दिसतं, माणूस निर्धास्त होतो, आणि मग तीन-चार लाटा एकापाठोपाठ आधीच्या ओल्या रेषेच्या कितीतरी वर येतात. इथे त्यांना स्नीकर वेव्ह म्हणतात आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्या दर वर्षी माणसं नेतात. त्यातले बरेच जण पोहायला आलेले नसतात. ते खडकावर बसलेले किंवा समुद्राकडे पाठ करून फोटो काढत असलेले असतात, आणि त्यात गरवणारेही असतात. पाणी दहा-बारा अंशांचं असल्यामुळे पडल्याबरोबर श्वास अनावर होतो, पोहता येणाऱ्यालाही पहिल्या मिनिटात हातपाय मारणं जमत नाही. देवगडच्या पाण्यात तुम्ही कितीही तयार असलात तरी हे पाणी वेगळं आहे. खडपावर पहिल्या वसंतात जाऊ नका म्हणालो ते याच कारणाने. पुळणीवर मागे धावायला जागा असते, खडपावर नसते.

माझा नियम सांगतो. निघण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा सागरी अंदाज वाचतो, आणि सकाळी बोयांची, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्रांची, नोंद बघतो, सॅन फ्रान्सिस्कोचा ४६०२६ आणि हाफ मून बेचा ४६०१२. तीन-चार फूट आणि बारा सेकंदांपर्यंत असेल तर जातो. सहा फुटांच्या वर आणि पंधरा सेकंदांच्या वर असेल तर पाण्याशी जातच नाही. मधल्या परिस्थितीत आडोशाची पुळण निवडतो. हवामान खात्याने किनाऱ्याच्या धोक्याची सूचना काढली असेल तर विषय संपला. पोहोचल्यावर वीस मिनिटं मागे उभं राहून लाटांचा एक गट येऊन जाऊ द्यायचा आणि सर्वांत वर आलेली ओली रेषा लक्षात ठेवायची. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. वेडर (पाण्यात उभं राहायचा जलरोधक पोशाख) घातला असेल तर कमरेचा पट्टा आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर त्यात पाणी भरतं. आणि समुद्राकडे पाठ कधीही नाही, गळ बांधतानाही नाही. गळ बांधायचा असेल तर कोरड्या वाळूत वर या.

पुळणीचा उतारही बघा. जाड वाळूची, तीव्र उताराची पुळण असेल तर लाट एकदम पायाशीच फुटते आणि परतताना पाय ओढते. कार्मेलजवळचा मोनास्टरी बीच यासाठी कुप्रसिद्ध आहे, दिसायला सुंदर आहे म्हणून तिथे थांबू नका. ओशन बीच उघडा आहे, तिथे ओढ जोरदार असते आणि गोल्डन गेटमधून ओहोटीचं पाणी बाहेर पडतं त्याचाही जोर उत्तरेच्या टोकाला जाणवतो. मासा आहे, पण शिकायला ती जागा नव्हे.

तुम्ही फ्रीमाँटला आहात, तर दोन दिशा सोयीच्या. सॅन मटेओ पुलावरून ९२ नंबरच्या रस्त्याने हाफ मून बे. तिथल्या लांब पुळणीच्या उत्तर भागाला पिलर पॉइंटचा आडोसा मिळतो, दक्षिणेकडे जावं तशी ती उघडी आणि उताराची होते. त्याच्या खाली सॅन ग्रेगोरिओ, पोम्पोनियो, पेस्कॅडेरो. माणसं कमी, मासा चांगला, लाटही तितकीच खरी. दुसरी दिशा १७ नंबरने सांताक्रूझकडे. वायव्येची लाट असेल तेव्हा सीक्लिफ आणि रिओ डेल मार हे भाग माँटेरे बेच्या उत्तर कुशीत असल्यामुळे बरेच शांत असतात. सुरुवात तिथून करा. हात बसला की मनरेसा आणि सनसेट स्टेट बीच, तिथे पर्च मोठा मिळतो.

मार्च ते सप्टेंबर या पुळणींवर कोरड्या वाळूत दोरी लावून काही भाग बंद केलेले दिसतील. आपल्या चिखल्यासारखा स्नोई प्लोव्हर नावाचा छोटा पक्षी तिथे वाळूवरच अंडी घालतो. अंडी वाळूच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. दोरीच्या आत जाऊ नका, ओल्या वाळूवरून चाला.

नियमांचं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. २०२३ पासून तो विकत घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे वसंतात घेतला तर पुढच्या वसंतापर्यंत काम झालं. सार्वजनिक धक्क्यावरून गरवायला परवाना लागत नाही, पण माशांच्या संख्येचे आणि आकाराचे नियम तिथेही लागू असतात. सर्फ पर्च, छोटा शायनर सोडून, सगळ्या जाती मिळून दिवसाला २०, त्यात एका जातीचे १० पेक्षा जास्त नाहीत. रेडटेल जातीचा साडेदहा इंचांपेक्षा लहान ठेवता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आत आणि सॅन पाब्लो खाडीत १ एप्रिल ते ३१ जुलै पर्च बंद, छोटा शायनर पर्च सोडून. बाहेरच्या समुद्रात तो वर्षभर खुला. खाडीतला पर्च तसाही खाऊ नका, तिथल्या प्रदूषणामुळे राज्याचीच तशी सूचना आहे. याशिवाय किनाऱ्यावर १२४ संरक्षित क्षेत्रं आहेत, हाफ मून बेच्या उत्तरेचं मोंटारा त्यातलं एक, तिथे काहीच धरता येत नाही. हद्द पाण्यावर दिसत नाही. फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचा नकाशा फोनवर उघडून बघा, आणि नियम वर्षाच्या मधेही बदलतात म्हणून निघायच्या आधी एकदा तपासा.

आता पिल्लांचं बोलतो म्हणालो होतो. एप्रिल-मेमध्ये पोट फुगलेली जाड मादी लागते. तिला उचललं की कधी कधी हातातच पिल्लं बाहेर यायला लागतात, दोनेक इंचांची, पूर्ण तयार, अंगावर आईसारखेच पट्टे, पाण्यात पडली की लगेच पोहतात. एका मादीच्या पोटात सरासरी तीसेक पिल्लं असतात. अंडी घालणारा मासा लाखांनी घालतो, हा तीसच देतो, त्यामुळे एक मोठी मादी नेली की त्या पुळणीला फरक पडतो. कायद्याने तुम्ही ती ठेवू शकता. मी ठेवत नाही. हात ओले करून धरायचं, गळ चटकन काढायचा, आणि लाट परतताना पाण्यात सोडायची. पिल्लं हातात आली असतील तर तीही सोबत सोडायची. खायला नर आणि मध्यम आकाराचे पुरतात. नराच्या शेपटीजवळच्या खालच्या पराला पुढच्या बाजूला एक जाडसर उंचवटा असतो, दोन-तीन मासे हाताळले की ओळखू येतो. चार माणसांच्या घराला चार-पाच पर्च रग्गड होतात. मांस पांढरं आणि हलकं असतं, खवले नीट काढून, हळद-तिखट-आगळ लावून, रव्यात घोळवून तळा. रश्शात ते विरघळतं, म्हणून मी रस्सा करत नाही.

खाण्यावरून दोन सूचना, आणि त्या मी कोकणातल्या माणसाला आवर्जून देतो. खडपाशेजारी कधी कॅबेझॉन नावाचा मोठ्या डोक्याचा, खवले नसलेला मासा लागेल. त्याचं मांस उत्तम, पण त्याची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, विषारी असते. आपल्याकडे गाबोळी टाकून द्यायची कोणाला सवय नाही, म्हणून स्पष्ट सांगतो, कॅबेझॉनची गाबोळी खायची नाही, शिजवून आणि तळूनही नाही. दुसरं, ओहोटीला खडकांवर शिनाण्यांचे (काळ्या शिंपल्यांचे) थर दिसतील आणि हात शिवशिवतील. १ मे ते ३१ ऑक्टोबर इथे शिनाणे खाण्यासाठी काढायला बंदी असते, कारण त्या दिवसांत पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचं विष त्यांच्यात साठतं. ते शिजवल्याने जात नाही आणि श्वास बंद पडेपर्यंत मजल जाऊ शकते. आमिष म्हणून वापरता येतात, खायला बाजारातले आणा.

राहिला मुलाचा प्रश्न. न्या, जरूर न्या, पण ओशन बीचला नव्हे. सीक्लिफ किंवा रिओ डेल मार, लाट तीन फुटांच्या आत आणि कालावधी कमी असलेला दिवस, सकाळची ओहोटी. नऊ वर्षांच्या मुलाला परवाना लागत नाही. लाइफ जॅकेट मात्र घालाच, पुळणीवर इतर कोणी घातलेलं दिसलं नाही तरी. सर्वांत वर आलेल्या ओल्या रेषेवर एक काठी रोवा आणि तुम्ही हात धरलेला नसेल तर त्याने काठीच्या पुढे जायचं नाही, हे गाडीतून उतरायच्या आधीच ठरवा. पॅसिफिकाच्या धक्क्यावर, म्हणजे १९७३ साली बांधलेल्या त्या लांब पिअरवर नेण्याचाही विचार कराल. तिथे कठडा असल्यामुळे मुलांबरोबर सोपं पडतं आणि जूनअखेरपर्यंत डन्जनेस खेकडेही धरता येतात. पण मोठ्या लाटांत आणि दुरुस्तीसाठी तो अधूनमधून बंद असतो, त्यामुळे आधी चौकशी करून निघा.

पहिल्या खेपेला रॉड एकच न्या. दोन रॉड असल्या की तुमचं लक्ष पाण्यावर राहील, मुलावर राहणार नाही. ओहोटीला दोघांनी मिळून खळगे बघा आणि वाळूवरच्या त्या रेघा त्याला शोधायला लावा, मुलांची नजर त्यात आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. खेकडे बादलीत जमले की तुम्ही फेका, रॉड त्याच्या हातात द्या आणि तुम्ही त्याच्या मागे, समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा दहा-अकराला उठेल, तेव्हा आवरा. कपड्यांचा एक जादा जोड आणि थर्मासभर चहा गाडीत असू द्या. आणि पुन्हा काही लागलं नाही तर त्या दिवशीची लाट, वेळ आणि पुळणीचा फोटो टाका, बघून सांगतो.